पायातलं कडं

"हे काय आहे?" इंजिनिअरबाईंनी खड्ड्यात वाकून विचारलं.

"कडं," मिस्त्री म्हणाला. "तुम्हीच काढलंय."

पायाची जाळी चोख बांधलेली होती. उभ्याआडव्या सळया सारख्या अंतरावर, टोकं वर वळवलेली, खाली सिमेंटचे ठोकळे. आणि मधोमध एक भलंमोठं लोखंडी कडं! बाईंच्या स्वतःच्या सहीनं साइटवर आलेलं हे पहिलंच ड्रॉइंग. अकराला काँक्रीट येणार, त्याआधी मोठे साहेब तपासायला. काही चुकलं की सहीचा अधिकार गेलाच.

मिस्त्रीनं झेरॉक्स उलगडली. गोल होता खरा. बाईंनी तो ओळखला. टेबलावर डाग पडू नये म्हणून बाबांनी गेल्या आठवड्यात चहाचा कप मूळ कागदावर ठेवला होता.

"अहो, हा कपाचा डाग आहे!"

"असेल, पण मापात आहे. कागदावर सहा सेंटिमीटर, म्हणजे इथं एक मीटर वीस. इथं रेघ तुटलीय, तिथं जोड दिला. जोडाची लांबी तुम्ही लिहिली नव्हती, ती पदरची घातली."

"विचारायचं तरी!"

"विचारलं की. सुपरवायझर म्हणाले, बाई घाईत एकातच दाखवून गेल्या असतील, सगळ्यांत टाका."

बाईंनी मान वर केली. बाराच्या बारा खड्ड्यांत कडी.

"सोडा सगळी!"

"अर्ध्या तासात? मॅडम, मी बांधलेलं असं सुटत नसतं."

तेवढ्यात साहेब आलेच. एकेक खड्डा पाहत बाराव्यापाशी थांबले.

"हे कशासाठी?"

"मजबुतीसाठी," मिस्त्री बाईंच्या मदतीला धावला.

"नाही सर," बाई म्हणाल्या. "चहासाठी." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. "जाळीला याचा उपयोग नाही, पण अपायही नाही. तुम्ही खड्डे पाहत होता, तेवढ्यात हिशेब करून पाहिलाय."

साहेब बाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आपल्या ऑफिसच्या प्रत्येक पायात कोपऱ्याला एक आखूड तिरकी सळई असते ना?"

"हो सर. तुमची खास पद्धत. पहिल्याच दिवशी शिकवलीत."

"तीस वर्षांपूर्वी ड्रॉइंग काढताना माझी पट्टी घसरली आणि कोपऱ्यात एक तिरकी रेघ पडली. तो मिस्त्रीही असाच इमानदार निघाला. माझ्या साहेबांनी विचारलं, तेव्हा मीही मजबुतीसाठीच म्हणालो."

बाईंनी खड्ड्याच्या कोपऱ्यातल्या तिरक्या सळईकडे पाहिलं.

"ही कडी राहू देत," साहेब म्हणाले. "पण पुढच्या ड्रॉइंगमधून ती तिरकी सळई वगळा. आणि खाली सही तुमचीच करा. मला अजून धीर होत नाही."