उसात शिरलेलं विमान

माझे साडू दिनकरराव कुठल्याही गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरला ब्रेक मारून दाखवायला लावतात, आणि गाडी थांबली की स्वतः उतरून चाकाखाली दगड लावतात. दगड स्वतःचा. वरवंट्याएवढा, काळा, जुन्या हिरव्या पातळाच्या तुकड्यात बांधून कायम पिशवीत. एका लग्नात त्यांनी तो नवरदेवाच्या गाडीलाही लावला होता. वरात निघायची वेळ झाली आणि गाडी जागची हलेना.

तुम्ही म्हणाल, तऱ्हेवाईक माणूस आहे. आमच्या श्रीरामपूरच्या सासुरवाडीत असं म्हणायची सोय नाही. तिथे ते 'इमानवाले दाजी' आहेत आणि मी 'दुसरे दाजी'.

झालं होतं एवढंच. दिनकरराव एका साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. कारखान्यामागे छोटीशी धावपट्टी होती. एकदा कुणा पाहुण्याचं दोन सिटांचं विमान तिथे उतरलं. पाहुणा जेवायला गेला, आणि तरुण कॅप्टनने दिनकररावांना म्हटलं, चला, तुम्हाला एक चक्कर मारून आणतो. उडण्याआधी विमान जमिनीवरून चालवत धावपट्टीच्या टोकाला न्यावं लागतं. ते नेतानाच ब्रेक गेले. कॅप्टनने इंजिन बंद केलं, पण विमान घरंगळत उसात शिरलं आणि तिथे थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. जमिनीपासून वीतभरही वर न गेलेल्या या प्रवासावर हा माणूस इतकी वर्षं सासुरवाडीत मानाच्या पाटावर बसतोय.

"कॅप्टन म्हनला, काका, ब्रेक लागंना," ते सांगतात. "म्या म्हनलं, बाळा, भिऊ नको. तू तुज्या बाजूनं दाब, मी माज्या बाजूनं दाबतो." इथे ते उजवा पाय फरशीवर गच्च दाबतात. ऐकणारे सगळे आपापला पाय दाबतात. माझी बायकोसुद्धा! माझ्यासाठी तिने कधी करंगळी हलवलेली नाही.

मी खरोखर विमानाने दिल्लीला जाऊन आलोय. ढगांच्या वर बसून उपमा खाल्लाय. परत आल्यावर सासुरवाडीत मोठ्या उत्साहाने सांगायला बसलो, तर मेव्हण्याने विचारलं, "दाजी, ब्रेक फेल झालं का?"

"नाही."

"मग बरंय," म्हणून तो दिनकररावांकडे वळला. त्या दिवशी मला पुरणपोळी गोड लागली नाही. जळलो म्हणजे अगदी आतून जळलो.

गोष्ट चालू असताना दिनकररावांची बायको शकूताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची. मागच्या दिवाळीआधी ती गेली. दिनकररावांनी गोष्ट सोडली नाही. फक्त विमान उसात शिरलं की ते दाराकडे बघतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीने बेंगळुरूहून बारशासाठी विमानाचं तिकीट पाठवलं. आता हा माणूस उडणारही! तरी शिर्डीच्या विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेलो. गाडी थांबताच ते उतरले आणि दगड लावला. निघताना उचलून पुन्हा पिशवीत घालू लागले.

"दिनकरराव, हातात दगड घेऊन आत सोडणार नाहीत," मी म्हटलं. "मोठ्या बॅगेत टाका."

"बॅगेत न्हाई. हाताशी पायजे."

"मग जाता येणार नाही."

"मंग न्हाई जात," म्हणत ते गाडीत येऊन बसले.

मी चिडलो. "अहो, नातवाचं बारसं आहे आणि तुम्ही एका दगडापायी अडून बसता?"

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"पाव्हणं, इमान सुटलं तवा कारखान्याची समदी मान्सं बाजूला पळाली. आन ही तेवढी चपला टाकून समोरनं पळत आली. हातात बांधावरचा दगड. इमानाला! कॅप्टन आतनं वरडतोय, बाई, बाजूला व्हा. ही ऐकती व्हय? ही येस्तवर इमान उसात जाऊन थांबलं हुतं. तरी वाकून चाकाखाली दगड लावलाच. म्हनली, परत मागं आलं तर?"

मी हिरव्या पातळाच्या त्या तुकड्याकडे बघितलं. शकूताईचं ते पातळ मला आठवत होतं.

"हे कधी सांगितलं नाहीत."

"ती लाजायची. म्हनायची, लोक हसत्याल."

शेवटी त्यांनी दगड माझ्या हातात दिला. "तुमी संबाळा. नुसता ठिवू नका, लावत जा," म्हणाले आणि मागे न बघता आत गेले.

संध्याकाळी मीच फोन केला. हेव्याने म्हणा, काळजीने म्हणा. "काय दिनकरराव, कसं वाटलं विमान?"

"वर गेलं, खाली आलं," ते म्हणाले. "सांगन्यासारखं काय न्हाई, पाव्हणं. खाली कुनी उभंच नव्हतं."

आमचं अंगण सपाट आहे. तरी मी बाहेर जाऊन गाडीच्या चाकाखाली दगड लावला. बायको दारात येऊन बघत होती. त्या माणसाचा मला अजूनही हेवा वाटतो, पूर्वीपेक्षा जास्त.