सतरा नंबरची चाचणी

मीटरकाकांनी फोन केला तो स्वतःचं नाव नोंदवायला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा फोन करून विचारपूस करणारी एक संस्था होती. तिचा कागद जिन्यात चिकटवलेला होता. काकांनी तो तीन महिने येता-जाता वाचला आणि चौथ्या महिन्यात धीर करून नंबर फिरवला. कागदावर नंबर दोन होते. वरचा फोन हवा असणाऱ्यांसाठी, खालचा संस्थेसाठी मॅरेथॉन धावणाऱ्यांसाठी. काकांनी चष्मा न लावता खालचा फिरवला.

"नाव नोंदवायचं होतं."

"वा काका. वय?"

"एकाहत्तर."

"चालायची सवय आहे?"

"विजेचे मीटर वाचायचो. बत्तीस वर्षं जिनेच चढलोय."

"गुडघे कसे आहेत?"

"आहेत दोन्ही."

पलीकडची मुलगी इतकी खूश झाली की तिने शेजारणीला सांगितलं, "अगं, एकाहत्तर वर्षांचे काका धावतायत आपल्यासाठी." मग फोनमध्ये म्हणाली, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून त्या बिचाऱ्या एकट्या लोकांचं निभतंय."

आता अशा वेळी, 'बाई, त्या बिचाऱ्यांतलाच मी' असं सांगायला वाघाचं काळीज लागतं. काकांचं काळीज बेताचं. त्यांनी विचारलं, "किती अंतर असतं?"

"बेचाळीस किलोमीटर. आणि दुपारी तीनला सभागृहात कार्यक्रम. एकेकाला नाव पुकारून स्टेजवर बोलावतात."

नाव पुकारून. बत्तीस वर्षं शहरातलं दारन् दार काकांसाठी उघडलं होतं, पण आतून "कोण?" आणि बाहेरून "मीटर", एवढंच बोलणं. त्यांना नावाने हाक मारणारं माणूस एकच होतं, बायको, आणि ती जाऊन चार वर्षं झाली होती. काकांनी ठरवलं, बेचाळीस तर बेचाळीस.

छातीवर लावायचा नंबर आणायला ते शेवटच्या दिवशी गेले, तेही खिडकी बंद होता होता. संस्थांसाठी धावणाऱ्यांचे पंचवीस हजार नंबर वाटून संपले होते. कारकुनाने खण उपसला. तळाशी एकच निघाला, सतरा. पैसे घेऊन धावणाऱ्या खेळाडूंपैकी एकाला ताप आला होता, त्याचा.

"आकडा तो आकडा," कारकून म्हणाला. "घ्या चालवून."

काकांनी चालवून घेतलं. पण सकाळी सहाला स्वयंसेवकांनी तो आकडा पाहिला आणि काकांना अदबीने दोरीच्या पुढे, हरणासारख्या पायांच्या एकोणीस जणांत नेऊन उभं केलं. बार उडाला. काकांनी चष्मा सारखा केला तोवर ते एकोणीस जण वळणाआड गेले होते. मग मागून पंचवीस हजार आले. पहिला किलोमीटर काका त्या लोंढ्यावर तरंगतच गेले. त्यात त्यांचे पाय जमिनीला फक्त चारदा लागले, आणि त्यातही एकदा चुकून.

पुढे रस्ता मोकळा झाला आणि खरा त्रास सुरू झाला. कोणी दवाखान्यासाठी जिराफ होऊन धावत होता, कोणी शाळेसाठी पाठीवर कपाट बांधून. लोक त्यांच्यासाठी ताटं वाजवत होते. काकांच्या छातीवरचा आकडा मात्र पगारी.

"पैसे मोजून आणतात हो यांना," कडेची एक बाई म्हणाली. "आणि हा बघा, बँकेत निघाल्यासारखा चाललाय."

"तो जिराफ बघा," तिची शेजारीण म्हणाली. "फुकट धावतोय, तरी पुढे."

सहा तास एकेचाळीस मिनिटांनी काका शेवटच्या रेषेवर पोचले. तिथे एक कोटवाले साहेब '१७' लिहिलेली पाटी धरून उभे होते. सकाळी आठपासून.

"उत्तेजक चाचणी," साहेब म्हणाले. "चिठ्ठीत तुमचा नंबर निघालाय. लघवीचा नमुना द्यायचा."

"मी उत्तेजक घेतल्यासारखा दिसतो?"

"दिसण्यावर नसतं ते. आणि नमुना मिळेपर्यंत तुम्हाला नजरेआड करता येत नाही."

"म्हणजे तुम्ही माझ्याबरोबर बसणार?"

"बसावंच लागतं."

चालताना काकांनी भांग हातानेच नीट केला.

खोलीत तीन खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि भिंतीवरचं घड्याळ. कोपऱ्यात एक सडपातळ माणूस गळ्यात पदक घालून बसला होता. शर्यतीत पहिला आलेला. घाम इतका गेला होता की त्याचा नमुना अजून अडलेलाच होता. त्याच्यावर नजर ठेवणारा मदतनीस साहेबांना पाहून निघून गेला.

"जिंकलात. छान," काका म्हणाले.

"उद्या पेपरात फोटो जिराफाचा येईल."

"पण पैसे मिळाले ना?"

"मिळाले. सांगायचं कुणाला? वर्षातले दहा महिने हॉटेलात असतो. नावाने ओळखतात ते हे साहेब, तेही फॉर्मपुरतं. तुमचं बरं. पैसे नाहीत, पण टाळ्या असतात."

"मला दोन्ही नाही," काका म्हणाले. "नंबर तुमच्यातला होता ना."

जिंकलेला पहिल्यांदाच हसला. साहेबही हसले, आणि मग ओशाळून म्हणाले, "वीस वर्षं या खोलीत बसतोय. इथे येतो त्याला कधी एकदा सुटतो असं होतं."

"मलाही तीनला जायचंय," काकांनी सांगितलं आणि बाटली तोंडाला लावली.

दीडला साहेबांचा फोन वाजला. "हो. बरं. कळलं," एवढं बोलून त्यांनी तो खिशात ठेवला. दोनला जिंकलेल्याने नमुना दिला, सह्या केल्या आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसला. "पाय दुखतायत," तो म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

काका तोवर मीटरच्या गोष्टींवर आले होते. एका घरी पोपट मीटरचे आकडे स्वतः वाचून सांगायचा, काका नुसते लिहून घ्यायचे. पाच वर्षं बिल बिनचूक. मग घरमालकाने पोपटाला पेरू देऊन फितवलं आणि बिल निम्म्यावर आलं.

"मग?" साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग चौकशी समिती बसली."

"पोपटावर?"

"माझ्यावर. पोपट साक्षीदार."

काकांनी सहावी बाटली संपवली आणि पायावर पाय घट्ट टाकला. "अजून नाही?" साहेबांनी विचारलं. "छे," काका म्हणाले.

तीन वाजले. समोरच्या सभागृहातला कर्णा खिडकीतून स्वच्छ ऐकू येत होता. नावं, टाळ्या, नावं, टाळ्या. मग काकांचं नाव आलं. आडनावासकट, अगदी खणखणीत. थांबून परत आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा थोड्या टाळ्याही पडल्या, आणि कर्णा पुढच्या नावाकडे गेला.

खोलीत कोणी हललं नाही.

"तुमचंच ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"जायचं होतं ना तुम्हाला?"

"होतं. पण साक्षीदाराची उलटतपासणी राहिली होती."

साहेबांनी समोरचा फॉर्म उगाच सरळ केला. "एक सांगायचं राहिलं. दीडला फोन आला होता. सतरा नंबरचा खेळाडू आलाच नाही, चाचणी रद्द, तुमच्याकडचा माणूस सोडून द्या म्हणाले."

"दीडला?"

"दीडला. सोडलं असतं तर मलाही घरी जावं लागलं असतं."

"म्हणजे नमुना नकोय?"

"नकोय."

हे ऐकलं आणि काका उठले. वेगातलं ज्याला कळतं असा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि खुर्चीतून दारापर्यंत असं कोणी सुटलेलं त्यानेही कधी पाहिलं नव्हतं. साहेब सवयीने मागे जायला निघाले, आणि आठवून खाली बसले.

"उठू नका," आतून काकांचा आवाज आला. "आलोच."

कोणी उठलं नव्हतंच.