दोनशे मीटरवरचे मेंढे

“आज तुझ्या बाबांना असं हरवतो, की वर्षभर ते माझ्याकडे बघणार नाहीत!” व्हर्लिनने गाडीतून उतरता उतरता बायकोला बजावलं.

“आत्ता तरी कुठे बघतात?” लव्हॉन म्हणाली.

खरंच होतं ते! लव्हॉनचे वडील, हॉलिस, ॲरिझोनाच्या त्या कोरड्या खोऱ्यातले गुरांचे मोठे मालक. जावई शाळेत बँड शिकवतो, हे त्यांना लग्नापासून पचलेलं नव्हतं. त्यात पिस्तुलाने पोलादी जनावरं पाडायच्या स्पर्धेत म्हातारा कायम पहिला!

म्हणून व्हर्लिनने नवं पिस्तूल घेतलं होतं. एका वेळी एकच गोळी घेणारं, हातभर लांब नळीचं. घरात ते तान्ह्या बाळासारखं मऊ कापडात गुंडाळलेलं असायचं. त्याच्याजवळ कोणी शिंकलेलंसुद्धा व्हर्लिनला खपायचं नाही!

आणि काय चाललं होतं ते त्या दिवशी! कोंबड्या पडल्या, डुकरं पडली, टर्की पडल्या. शेवटी राहिले दोनशे मीटरवरचे पाच मेंढे. पाचही पडले तर सासरे एकाने मागे!

मेंढ्यांसाठी उताणं झोपायचं, गुडघा उभा करायचा आणि पिस्तूल पोटरीला टेकवायचं.

“जावईबापू, खाली चटई घ्या,” हॉलिस मागून म्हणाले.

“चटई म्हाताऱ्यांना लागते, बाबा!” असं म्हणून व्हर्लिन थेट मातीत आडवा झाला.

पंचांनी इशारा दिला. दोन मिनिटांत पाच गोळ्या. शेजारी लव्हॉन दुर्बिणीला डोळा लावून बसली.

धाड! “पडला!” लव्हॉन ओरडली.

धाड! “दुसराही!”

तेवढ्यात व्हर्लिनच्या पँटीत काहीतरी चालायला लागलं. एक नाही, मोर्चाच निघाला होता!

“लव्हॉन! मुंगी!”

“मुंगी कसली? मेंढा आहे तो! मेंढ्याकडे बघ!”

“अगं, तांबडी मुंगी! चावतेय!”

“वारा डावीकडून आहे, नेम थोडा उजवीकडे सरकतोय,” लव्हॉन शांतपणे म्हणाली. बिचारी दुर्बिणीतून डोळा काढेल तर ना!

उठावं, तर वेळ संपणार. व्हर्लिनने दात आवळले. तिसरा पडला. चौथा पडला! आता मुंग्या गुडघ्याच्या वर पोचल्या होत्या आणि तिथून पुढे कुठे निघाल्या होत्या, याचा विचारही त्याला सहन होईना. पाचवी गोळी भरली, श्वास रोखला आणि चाप ओढताना मांडीला असा कडकडून डंख बसला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

धाड! लांबवर मेंढा कोलमडला!

“पडला!” व्हर्लिन किंचाळला. रिकामं पिस्तूल उघडून त्याने कापडावर ठेवलं, उडी मारली आणि सगळ्यांसमक्ष पँट काढून फेकली! मग जे नाचला! लोकांना वाटलं, जिंकल्याचा आनंद आहे. टाळ्या पडल्या. कोणीतरी टोपी उडवली.

“अहो मास्तर!” शेजारच्या रांगेतली लाल टोपीवाली बाई ओरडली. “माझा मेंढा पाडलात तुम्ही!”

लव्हॉनने दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं. “व्हर्लिन, तुझा पाचवा उभाच आहे रे!”

म्हणजे बरोबरी! पंच म्हणाले, “दोघांना एकेक गोळी. पण मास्तर, आधी पँट घाला.”

“त्यात मी पाय घालणार नाही!” व्हर्लिन अंडरवेअरवरच अडून बसला.

हॉलिस आपल्या ट्रककडे गेले आणि गोठ्यात घालायची पँट घेऊन आले. तिच्यात दोन व्हर्लिन मावले असते आणि शेणाचा वास असा, की मुंग्यांनीही लांबूनच हात जोडले असते. व्हर्लिनने ती कमरेला दोरीने बांधली. या वेळी चटई मात्र मुकाट्याने अंथरली.

हॉलिस आधी. धाड! समोरची माती उडाली. चुकलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक म्हाताऱ्यासाठी हळहळले.

मग व्हर्लिन. त्याने चाप हळूच दाबला. धाड!

मेंढा डुलला, विचारात पडल्यासारखा थांबला आणि आडवा झाला!

लव्हॉनने दुर्बीण सोडून नवऱ्याला मिठी मारली आणि वासामुळे लगेच सोडली. हॉलिस सावकाश पुढे आले. चक्क जावयाकडे पाहिलं, हात पुढे केला. व्हर्लिनने तो दोन्ही हातांनी धरला.

“बाबा, मी...”

“पुरे, पुरे,” हॉलिस म्हणाले. “नेम माझ्या पँटीने धरला. तू नुसता आत होतास!”