न बोललेला नवस

पायांबद्दल चारचौघांत बोलू नये, असं आमच्या घरातलं मत आहे. घरातलं मत म्हणजे अपेक्षाचं, माझ्या बायकोचं. (माझंही एक मत असतं, पण ते घरातलं म्हणून धरत नाहीत.) तरी बोलतो. कारण मी तीन-साडेतीन महिने अनवाणी का फिरत होतो, याबद्दल साताऱ्यापासून सांगलीपर्यंत इतके लोक माझ्याविषयी चांगलं बोलतात, की मला झोप लागत नाही.

मी मल्हार. वय चव्वेचाळीस. साताऱ्यात एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसतो. बसून बसून पोट पुढं आलं, म्हणून रोज सकाळी यवतेश्वर घाटाच्या रस्त्यानं पळायला लागलो. आधी उजवा गुडघा दुखला. म्हणून नवे बूट घेतले, तर डावाही दुखायला लागला. आमच्या कचेरीतला वीरधवल हा घाट एका दमात चढतो आणि वर उभा राहून आमच्या नावानं जांभया देतो. त्यानं एका मंगळवारी चहाच्या वेळी माझ्या बुटांकडं बघून निकाल दिला.

"मल्हारराव, गुडघ्याला काही झालेलं नाही. आजार बुटात आहे."

मग त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठलासा दाढीवाला माणूस दगडगोट्यांतून अनवाणी पळत होता आणि वर हसत होता. माणूस मुळात अनवाणी पळायलाच जन्माला आलाय, असं त्याचं म्हणणं. मला ते जागच्या जागी पटलं. कारण आमचं मूळ आटपाडीकडचं. माझे आजोबा मेंढरं घेऊन दर साल कृष्णाकाठापर्यंत चालत यायचे. बाकीच्यांना हे शिकावं लागेल, माझ्या तर रक्तातच आहे, असं मी संध्याकाळी अपेक्षाला सांगितलं.

"रक्तात असेल," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "तळव्यात आहे का बघा आधी."

वीरधवलनं एक तक्ता दिला होता. पहिला आठवडा रोज पाच मिनिटं, तीही गवतावर. दोन महिन्यांनी डांबरी रस्ता. तक्ता चांगला होता, पण तो सर्वसाधारण माणसांसाठी होता. मी पहिल्याच दिवशी डांबरावर तीन किलोमीटर पळालो.

दोन्ही तळव्यांना लिंबाएवढे फोड आले. अपेक्षानं न बोलता मिठाच्या गरम पाण्याची बादली पुढ्यात ठेवली. (ती बोलते तेव्हा बरं असतं.) चार दिवसांनी फोड बसले आणि पाचव्या दिवशी मी पुन्हा तीन किलोमीटर पळालो. या वेळी तळवे टिकले, पोटऱ्या गेल्या. जिना सरळ उतरता येईना. कचेरीत दोन दिवस कठडा धरून उलटा उतरत होतो, तोंड साहेबांच्या केबिनकडं. साहेबांना वाटलं, मी त्यांना पाठ दाखवत नाही. त्यांनी माझी अडकलेली रजा मंजूर केली.

ती रजा मी पळण्यात घालवली. गतिरोधकावर ठेच लागून अंगठ्याचं नख काळं पडलं. ते बरं होतंय तोवर टाचेत काटा मोडला. काट्यावर बिब्बा लावतात हे ऐकून होतो, किती लावतात हे ऐकलेलं नव्हतं. काटा आतच राहिला, वरची कातडी तेवढी निघाली. एक दुखणं मिटलं की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण अंतर पळायचो, आणि दुसरं दुखणं यायचं. थांबलो असतो तर वीरधवलचा तक्ता बरोबर होता असं झालं असतं, म्हणून मी थांबत नव्हतो. दुसरं काहीही कारण नव्हतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

आठव्या आठवड्यात डावं पाऊल वरून सुजलं. बूट चढेना, चप्पल चढेना. तेव्हापासून मी कचेरीतही अनवाणीच जाऊ लागलो. हौसेचा नाइलाज झाला होता, पण विचारणाऱ्याला मी तत्त्वच सांगत होतो.

आणि त्याच आठवड्यात आटपाडीहून फोन आला.

फोन अपेक्षाच्या आईचा होता. अपेक्षाचे वडील, आप्पासो, यांना बरीच वर्षं साखर आहे. रानात डाव्या पायाला खिळा लागला. साखरेमुळं त्यांना तो कळलाच नाही. बोट काळं पडत गेलं. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, या आठवड्यात बोट काढा, नाहीतर पुढच्या महिन्यात गुडघ्यापासून पाय काढावा लागेल, आणि त्यालाही उशीर झाला तर मग काढण्यासारखं काही राहणार नाही. आप्पासो ऐकून घेऊन उठले आणि एस.टी.नं घरी येऊन बाजेवर बसले. बोट काढणार नाही म्हणाले. अपेक्षा त्यांची एकुलती एक. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा बघून मी पहिल्यांदाच माझं पाऊल विसरलो.

आम्ही गाडी करून दुपारपर्यंत पोचलो. आप्पासो पडवीत बाजेवर होते. सहा फुटांचा माणूस, आयुष्यभर मेंढरांमागं चाललेला, पाय फडक्यात गुंडाळून बसलेला. अपेक्षा रडली, रागावली, पुन्हा रडली.

"आज बोट म्हणत्यात, उद्या पाय म्हणतील," ते शांतपणे म्हणाले. "आमचा भाऊ नानासो असाच थोडा थोडा करून गेला. मी जाईन तर सगळा जाईन."

अपेक्षा डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली. मी भिंतीला टेकून पाय लांब केले, कारण डावं पाऊल ठणकत होतं. तेवढ्यात सासूबाईंचं, रंगुबाईंचं, लक्ष माझ्या तळव्यांकडं गेलं.

"आवं जावईबापू! पायात कायच न्हाई?"

"न्हाई मामी."

"कवापासनं?"

"झालं की दोन म्हैनं."

त्यांनी बोटांवर मोजलं. आप्पासोंच्या पायाला खिळा लागून दोन महिनेच झाले होते.

"आन् कवापतोर असं?"

"आता असंच," मी जरा अभिमानानं म्हणालो. माणसाच्या पावलात सव्वीस हाडं असतात, तिथून मी सुरुवात करणार होतो. पण सव्वीस म्हणायच्या आत मामींनी पदर डोळ्यांना लावला.

"आगं अपेक्षे! भाईर ये गं! जावईबापूंनी तुझ्या बासाठी पाय उघडं ठिवल्यात! नवस बोलल्यात गं, आन् तोंडातनं शबूद न्हाई काढला!"

आमच्याकडं भल्या माणसानं पायातलं सोडलं, की त्याचा अर्थ एकच असतो. व्यायाम म्हणून कुणी सोडत नाही. मी खुलासा करायला तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात अपेक्षा उभी होती, हातात चहाची गाळणी. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. त्यात धाक होता आणि विनवणीही होती. मी तोंड मिटलं.

"पाव्हणं," आप्पासो म्हणाले, "हिकडं या. पाय वर घ्या."

सासऱ्यांच्या मांडीवर पाय ठेवायचा प्रसंग कुणावर येऊ नये. त्यांनी माझा पाय दोन्ही हातांत धरला आणि मेंढराचा खूर बघावा तसा बघितला. नख बघितलं. टाच दाबली. बिब्ब्याची जागा बघून जरा थांबले. सुजेवर अंगठा टेकवला तेव्हा मी ओरडलो. मग दुसरा पाय बघितला.

"गाडी भाईर हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "चला मग. सांगलीला जाऊया."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. दारातून जाताना त्यांनी मागं वळून अपेक्षाकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. मी दवाखान्याच्या गार फरशीवर उभा होतो. मला तो तास कधी विसरता येणार नाही. माझं नाव नवसाला लागलं होतं आणि मी काहीच बोललो नव्हतो. माझे वडील मी नववीत असताना गेले. त्यानंतर मला 'जेवला का?' असं विचारणारा पुरुष हा एकच. तेव्हा मी डोळे मिटले आणि खरोखरच बोललो, की हा माणूस आपल्या पायानं घरी चालू दे, तोवर मी पायात काही घालणार नाही. देवाकडं हा अर्ज जवळजवळ दोन महिने उशिरा गेला होता. आवक तारीख आधीचीच पडावी, एवढी विनंतीही मी केली.

बोट गेलं, पाय वाचला. डॉक्टर बाहेर येऊन हे सांगत होते आणि सांगता सांगता माझ्या पायाकडं बघत होते. त्यांनी मला तिथूनच फोटो काढायला पाठवलं. डाव्या पावलाच्या हाडाला बारीक चीर निघाली.

"हे घेऊन तुम्ही किती दिवस चालताय?"

"पळतोय," मी म्हणालो.

डॉक्टरांनी घट्ट पट्टी बांधली. सहा आठवडे कडक तळाचा बूट घाला, म्हणाले. रंगुबाईंनी हात जोडले. "न्हाई डॉक्टरसायेब. ह्येंच्या पायानं घर गाठल्याबिगर जावईबापू पायात कायबी घालायचं न्हाईत." मी बूट घालायला एका पायावर तयार होतो (दुसरा टेकतच नव्हता), पण अपेक्षा म्हणाली, "मग आडवे पडून राहा."

अशा रीतीनं आप्पासोंच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर मीही पडलो. दोघांचे डावे पाय उशीवर, शेजारी शेजारी. मामींनी अख्ख्या वॉर्डाला हकीकत सांगून टाकली होती. भेटायला येणारे आप्पासोंना शहाळं द्यायचे आणि मला नमस्कार करायचे. पायावर डोकं ठेवून करायचे. एक म्हातारी आजी रोज यायची आणि आपल्या मुलाला गुण यावा म्हणून माझं पाऊल दोन्ही हातांनी घट्ट धरायची, बरोबर चिरेवर. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. ते बघून बाकीच्यांच्या डोळ्यांत यायचं. आप्पासो तेवढे भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे आणि त्यांचे खांदे हलत असायचे. त्यांनाही भरून येतंय, असं मला वाटायचं.

एका दुपारी मला डुलकी लागली होती. पायाला काहीतरी हुळहुळलं. अर्धवट डोळे उघडले तर आप्पासो खाटेच्या कडेला बसून माझ्या पावलाला सुतळी लावत होते. आणखी कसला तरी गंडा असेल म्हणून मी पुन्हा झोपलो.

दीड महिन्यानं, आटपाडीत, आप्पासो घरातून निघून लिंबाच्या झाडापर्यंत गेले आणि आपल्या पायानं परत आले. मामींनी नारळ फोडला. आप्पासोंनी बाजेखालून एक जोड काढला. नवं कोरं जाड कातड्याचं पायताण, खाली टायर.

"घाला. फिटला नवस."

माझ्यानं राहवेना. मामी आत गेल्यावर मी म्हणालो, "मामा, एक सांगायचं व्हतं. मी नवस बोललोच नव्हतो. म्हणजे, तवा नव्हतो. मी अनवाणी पळायला शिकत व्हतो. आपलं वाडवडील अनवाणी मेंढरं राखायचं, म्हणून."

"कुणी सांगितलं?" आप्पासो म्हणाले. "तुमच्या आज्याला मी बगितलाय. दोन किलोचं पायताण असायचं त्याच्या पायात. त्ये तुटलं तर शिवून घेतल्याबिगर पाऊल टाकायचा न्हाई. बाभळीच्या रानात अनवाणी फिरायला त्यो काय येडा व्हता?"

मी पायताण उचलून खालचा टायर बघू लागलो.

"आन् मऊ रानातली मेंढरं खडकात न्ह्याची आसली, तर आमी पंधरा दिस थोडं थोडं चारून माघारी आणायचो. पयल्याच दिशी दामटत नव्हतो."

"तुम्हाला ठाव व्हतं?"

"अपेक्षा फोनवर रोज मला सांगायची की, तुमच्या मामीला न्हाई. आज फोड, उद्या नख, परवा बिब्बा."

"मग नवस न्हाई हे ठाव असून बोट काढायला तयार कसं झाला?"

आप्पासोंनी माझ्या पायांकडं बोट केलं.

"तवर आयकून व्हतो, त्या दिशी डोळ्यानं बगितलं. द्यावानं दिलेलं चांगलं दोन पाय. दोन म्हैन्यात त्यांची ही गत किली, ती बी बसून पगार मिळत आसताना. म्हटलं, आप्पा, ह्या माणसाच्या भरवशावर पोर टाकून तुला मरता येत न्हाई."

पायताण घातलं. उजवं बरोबर बसलं, डावं सैल झालं. सूज असताना माप घेतलं असणार, हे मी समजून घेतलं.

आता आप्पासो महिना-महिना आमच्याकडं साताऱ्यात राहतात. डॉक्टरांनी दोघांनाही रोज सकाळी अर्धा तास चालायला सांगितलंय. ते नऊ बोटांनी पुढं असतात, मी दहा बोटांनी मागं. माझं डावं पायताण फटक फटक वाजत असतं. परवा घाटात वीरधवल भेटला. त्यानं माझ्या पायाकडं बघून विचारलं, "आप्पा, हे एवढं सैल का हो? माप चुकलं का?"

"माप न्हाई चुकलं," आप्पासो चालता चालता म्हणाले. "मुद्दाम ठिवलंय. कळपात एक मेंढरू आसंच मागं ऱ्हातंय. आवाज आला म्हंजी मागं वळून बगावं लागत न्हाई."