बाळा परबच्या टायरांची दुलई

थंडी पडायला लागली की आमच्या लालबागच्या चाळीत पहिली दुलई निघते ती बाळा परबच्या मोटरसायकलसाठी. माणसं अजून पंखा लावून झोपत असतात, आणि हा जिन्याखाली गाडी स्टँडवर चढवून, दोन्ही चाकं अधांतरी करून, टायरांना दुलया गुंडाळत बसलेला असतो. दुलई साधी नव्हे, विजेची. वायर थेट त्याच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये. पहिल्यांदा लावली तेव्हा तळमजल्याचा फ्यूज उडाला आणि घरतकाकूंचं वाटण मिक्सरमध्ये अर्धवट राहिलं. काकू झाकण हातात घेऊनच बाहेर आल्या.

"बाळा, काय लावलंस तू?"

"टायर वॉर्मर, काकू."

"टायरला थंडी वाजते?"

"हात लावून बघा. बघायला काय जातंय?"

आणि भांडायला आलेल्या काकूंनी खरंच वाकून टायरला हात लावला. वर "गरम आहे हो," असंही म्हणाल्या.

"बघायला काय जातंय" हे बाळाचं धंद्याचं वाक्य. मिसरूड फुटल्यापासून तो हिंदमाताला साडीच्या दुकानात गादीवर बसतो. फक्त रुमाल घ्यायला आलेल्या बाईसमोर तो दहा साड्यांच्या घड्या मोडतो. तिने काहीच घेतलं नाही तरी हसतमुखाने सगळ्या परत घालतो. टायरबद्दलही तो त्याच भाषेत बोलतो. याचा पोत बघ, हा जरा कडक आहे, हा अंगावर बसतो. वॉर्मर गुंडाळताना त्याची बोटं अशी चालतात की आता हा टायरला पदर काढून देतोय की काय असं वाटावं.

बाळाच्या या नादाचं वय फार नाही. बाळाचं मात्र आहे, पन्नाशी उलटलीय. लग्न केलं नाही. आई होती तोवर दुकानातून सुटला की सरळ घरी. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि वरच्या मजल्यावरचा ओमकार एकदा त्याला घाटापलीकडच्या एका छोट्या ट्रॅकवर घेऊन गेला. तिथे हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी आपापल्या मोटरसायकली पळवतात. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसतं गोल गोल. बाळा बघायला म्हणून गेला आणि पुढच्या खेपेला चामड्याचा सूट घालून आला. त्या सुटात तो जरा जास्तच भरलेल्या उशीसारखा दिसतो.

बाळा आमच्यातला सगळ्यात हळू. मागून येणारे त्याला डावीउजवीकडून ओलांडतात आणि तो प्रत्येकाला हात करतो. या माणसाला वॉर्मर कशाला हवेत, हा माझा साधा प्रश्न होता. मी स्वतः गाडी चालवत नाही. मी बाळाचा बालमित्र या नात्याने माझ्या मोटारीतून सगळ्यांचं सामान वाहतो आणि मोबाइलवर फेऱ्यांची वेळ मोजतो. त्यामुळे वॉर्मरची पिशवी, वायरींची भेंडोळी आणि दोन स्टँड माझ्या डिकीत असतात, आणि माझी बॅग माझ्या मांडीवर.

मी पुष्कळ समजावलं. शर्यतवाल्यांचं ठीक आहे रे. त्यांना पहिल्याच वळणावर जीव खाऊन पळायचं असतं, रबर थंड असेल तर निसटतं, म्हणून ते आधी तापवतात. त्यांचे टायरही वेगळे. तुझे टायर रस्त्यावरचे. दोन फेऱ्या सावकाश मारल्यास की आपोआप तापतात. आणि तू तर सगळ्याच फेऱ्या सावकाश मारतोस!

"गप रव रे मेल्या," तो म्हणायचा. "एक तास लागतो नीट तापायला. घाई करायची नाही."

शेवटी या डिसेंबरात मी पैज लावली. दोन दिवसांची खेप होती. शनिवारी सकाळी वॉर्मर लावून चालवायचं, रविवारी त्याच वेळी न लावता. फरक पडला तर मी जन्मात बोलणार नाही. नाही पडला तर वॉर्मर विकायचे. बाळा जरा थबकला, मग हो म्हणाला. मला वाटलं, फ्यूजचा प्रश्नही परस्पर सुटेल.

शनिवारी पहाटे अंगात शिरणारी थंडी होती. ट्रॅकशेजारच्या शेडमध्ये बाळाने नेहमीसारखे वॉर्मर लावले, भोवती खुर्च्या मांडल्या, मोठा थर्मास उघडला. एकेक जण आला. हात शेकायला वॉर्मरला लावायचे आणि बसायचं, ही तिथली रीतच झाली होती. ओमकार आपल्या ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करत होता. दादरची सायली बाळाच्या शेजारी बसून घावणे खात होती. ही मुलगी मागच्या वर्षी वळणावर घसरून पडली होती. हाडं शाबूत राहिली, पण तेव्हापासून हेल्मेट घालायच्या आधी तिचा चेहरा पांढरा पडतो. बाळा तिच्याशी पडण्याबद्दल अवाक्षर बोलत नव्हता. तिच्या आईला डाळिंबी रंग शोभेल की मोरपंखी, यावर दोघांचा खल चालला होता. मग ती उठली आणि गाडीवर बसून ट्रॅकवर गेली. मी हे सगळं पाहिलं, पण माझं लक्ष घड्याळाकडे.

रविवारी वॉर्मर पिशवीतच राहिले. बाळाने थर्मास काढला खरा, पण तापायचं काही नव्हतं, मग थांबायचं तरी कशासाठी? ओमकार माझ्या मोटारीत काचा लावून मोबाइल बघत बसला. बाकीचे आपापल्या गाड्यांशी खुडबुडत होते. बाळा खिशात हात घालून एकटाच उभा होता. सायली लांब भिंतीपाशी येरझारा घालत होती. भोंगा वाजला, सगळे निघाले, ती निघाली नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

बाळा चालवून आला. मी वेळ बघितली. वॉर्मर न लावता त्याची फेरी शनिवारपेक्षा अर्धा सेकंद लवकर झाली होती.

मी जिंकलो होतो. मोठ्याने आकडा सांगितला, सगळे हसले, बाळाही हसला. मग तो पिशवीपाशी जाऊन बसला आणि वॉर्मर बाहेर काढून पुन्हा नीट घड्या घालू लागला. विकायची वस्तू चुरगळलेली असून चालत नाही, असं काहीतरी पुटपुटला. मी शेजारी टेकलो.

"वाईट वाटलं?"

"टायरला फरक पडत नाही, हे मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं रे," तो म्हणाला.

"मग?"

त्याने घडीवरून हात फिरवला. "दिवसभर दुकानात बोलतो मी. शंभर बायकांशी बोलतो. पण सगळं साडीबद्दल. पदर असा, काठ असा. साडी घेतली की ती बाई गेली. घरी आलो की आई विचारायची, आज काय झालं? आता कुलूप काढायचं आणि दिवा लावायचा. इथे टायर तापेपर्यंत माणसं बसतात. दुसऱ्या कशासाठी बसतील? नुसतं बसा म्हटलं तर कोण बसतं आजकाल?"

इतकी वर्षं याच्या शेजारच्या खोलीत राहतो मी. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, ही पैज मी हरायला हवं होतं.

दुपारची जेवणं झाली. ऊन चांगलंच तापलं होतं. ट्रॅकच्या डांबरावर अनवाणी पाय ठेवता आला नसता. टायरांना हात लावला तर चटका बसत होता. बाळा शेडच्या टोकाला बाटलीतून पाणी पीत होता, तेवढ्यात सायली माझ्या डिकीतून ती पिशवी ओढत ओढत घेऊन आली. मागे ओमकार, त्याच्या दोन्ही हातांत वायरी.

"काका, वॉर्मर लावायचेत."

बाळाने बाटली खाली ठेवली. "अगो, या उन्हात? टायर आधीच भाजतायत. आणि सकाळी सिद्ध झालं ना, काही फायदा नाही."

"टायरचं मला माहीत नाही," सायली म्हणाली. तिचा चेहरा पांढराच होता, पण हेल्मेट काखेत होतं. "मला तीनच्या फेरीला जायचंय. त्याच्या आधी तुमच्याजवळ बसायचंय."

बाळाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघतोस काय? पैज मी सोडली. लाव."

त्याने पिशवी घेतली आणि मागच्या चाकापाशी वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. एरवी दोन मिनिटांत गुंडाळणारा माणूस, आज त्याला टोक सापडेना. आम्ही कोणी घाई केली नाही. भर उन्हात त्या गरम टायरांभोवती खुर्च्या ओढल्या आणि घाम पुसत बसलो.