जाधवकाकांची खरी नक्कल

आमच्या शेजारचे जाधवकाका चित्र काढायला बसले की आधी चष्मा पुसतात, मग पट्टी पुसतात, आणि मग कॅनव्हासच्या मागे तारीख टाकून सही करतात. हजेरी! सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात जन्म गेल्यावर दुसरं काय होणार?

काकू गेल्या तेव्हा नायगावच्या आमच्या चाळीत सगळ्यांनी सांगितलं, काहीतरी छंद लावून घ्या. आम्हाला वाटलं, कॅरम. काकांनी तैलरंग आणले. आणि ज्या माणसाने आयुष्यात समासाच्या रेघेपलीकडे काही ओढलं नव्हतं, त्याने नमुना निवडला तो परदेशातल्या पडक्या चर्चचा. भग्न कमानी, वठलेली झाडं, वर चंद्र. एका जुन्या कॅलेंडरचं ते पान काकूंनी शेगडीच्या वर टांगलेलं होतं. "ह्यांच्याकडं पण रिपेरिंगवाले फिरकत नाहीत वाटतं," असं त्या म्हणायच्या.

काकांनी पानावर पेन्सिलीने चौकोन आखले, तेवढेच कॅनव्हासवर आखले. रोज एक चौकोन. "रीतसर!" निळा रंग रोज नव्याने कालवल्यामुळे आकाश लुंगीसारखं चौकड्याचं झालं.

मी म्हटलं, "काका, कमानीवर एखादा कावळा टाका ना."

"मुळात आहे?"

"नाही."

"मग नकलेत कसा येईल? खरी नक्कल म्हणतात ह्याला. तू आमच्या हाताखाली असतास ना, तर मेमो खाल्ला असतास."

तैलरंग म्हणजे तेल आलंच, म्हणून काकांनी स्वयंपाकाचं शेंगदाणा तेल ओतलं. जवसाचं लागतं हे कळेपर्यंत निम्मं चर्च तळून झालं होतं. ते काही केल्या वाळेना. व्हरांड्यात ठेवलं तर डास चिकटले. काका चिमट्याने एकेक डास उचलत बसायचे. "मुळात नाहीत," एवढंच म्हणायचे.

आणि तेवढ्यात इमारत रिकामी करायची नोटीस आली. चाळ पडणार, टॉवर होणार. सगळे बांधाबांधीला लागले. काकांनी मात्र कमिटीच्या सेक्रेटरीकडे अर्ज दिला: चित्र ओले असल्या कारणाने पंधरा दिवस मुदत मिळावी, ही विनंती.

"काका, बिल्डिंग पाडतायत! तुमचं चित्र सुकायची वाट कोण बघणार?" सेक्रेटरी म्हणाला. तो अर्ज मी जिन्यात उभा राहून, काकांचा आवाज काढून, सगळ्यांना वाचून दाखवला. लोक पोट धरून हसले. काका वरच्या पायरीवर उभे होते, हे मला नंतर कळलं.

मुदत मिळाली नाही. जायच्या दिवशी चित्र खाली न्यायचं काम काकांनी मलाच दिलं. ताटासारखं आडवं धरून मी निघालो. काका पुढे, "सांभाळून रे, ओलंय," म्हणत. जिन्याच्या वळणावर उजेड होता. तिथे मी ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं.

डावीकडच्या कमानीवर एक खिडकी होती. कॅलेंडरात तिथे नुसता काळोख होता. काकांच्या चित्रात तिथे एक बाई उभी होती. हिरवी साडी, सुटत आलेला अंबाडा, हातात तांदूळ निवडायचं ताट. चेहरा नखाएवढा, धड जमलेलाही नव्हता. पण काकूच. काकांची कचेरी सुटायची वेळ झाली की अशाच ताट घेऊन खिडकीशी यायच्या.

"काका, हे मुळात नाही," मी हळूच म्हटलं.

ते थांबले. मागे वळले नाहीत.

"मूळ प्रत गहाळ झाली की कचेरी नकलेवरच चालते," ते म्हणाले. मग पुढची पायरी उतरत, "रीतसर."

मला माझी भयंकर लाज वाटली. टेम्पोत कपाटावर जागा होती, तरी चित्र मी मांडीवरच घेतलं. अँटॉप हिलचं संक्रमण शिबिर येईपर्यंत त्या ओल्या खिडकीवर मी एकही डास बसू दिला नाही.