काय दिवे लावलेस!

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. आकाश निरभ्र, दुपारी कडक ऊन, वारा नावालाही नाही.

अशा उकाड्यात एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या हॉलमध्ये जयवंत सरांनी शाळेने दिलेलं व्हीआरचं यंत्र डोक्यावर चढवलं. ते घातलं की समोर खोटा वर्ग उभा राहतो, खोटा विद्यार्थी वही दाखवतो आणि शिक्षकाने त्याला चूक कशी समजावली याला यंत्र गुण देतं. साठ गुण हवेत. कमी पडले तर फेरप्रशिक्षण, तेही २३ तारखेला, ऐन भाऊबीजेला! आणि बायकोने, हेमांगीने तर तीन वर्षांनी देवरुखला, भावाकडे जायची दोघांची तिकिटं काढलेली.

“चोवीस वर्षं पोरं शिकवतोय मी. हे खेळणं मला काय शिकवणार?”

“तरी गोड बोला हो,” असं म्हणत हेमांगी दिव्यांची माळ घेऊन गॅलरीच्या दारात स्टुलावर चढली.

खोट्या विद्यार्थ्याचं नाव विघ्नेश. (यंत्राने निदान नाव तरी विचार करून ठेवलं होतं.) त्याने अर्ध्यात पाव मिळवून उत्तर काढलं होतं, दोन छेद सहा. सरांच्या तोंडून सवयीने निघालं, “वा! काय दिवे लावलेस!”

विघ्नेश खुलला. “थँक्यू, सर!” कोपऱ्यात आकडा उमटला : कौतुक, वीस गुण.

यंत्राला टोमणा कळत नव्हता! सरांना हुरूप आला. “घराण्याचं नाव काढशील हो!” आणखी वीस. आता वीसच उरले. देवरुखचे आंबोळ्यांचे तवे सरांना दिसू लागले.

“अहो, लावले! कसे दिसतात?” हेमांगीने विचारलं. सरांच्या कानात विघ्नेशची बडबड चालू होती.

“काय दिवे लावलेस!” सर पुन्हा गरजले. (तेच कौतुक दुसऱ्यांदा, म्हणून यंत्राने गुण दिले नाहीत.)

हेमांगी स्टुलावरच लाजली. बावीस वर्षांत पहिल्यांदा! “इश्श, खरंच?”

“आता सगळं काढून टाक आणि पहिल्यापासून कर. पाचवीतल्या पोराला जमतं हे!”

आणि खोट्या फळ्यावर उत्तर लिहून दाखवायला सर ताडताड निघाले. खोटा फळा नेमका खऱ्या गॅलरीच्या दिशेला होता. पाय माळेत अडकला, माळ खाली, अर्धे दिवे विझले. हेमांगी वाचली ती वेळीच स्टुलावरून उतरली म्हणून.

ती ओरडली नाही. (सरांना दरदरून घाम फुटला तो यामुळेच.) जवळ येऊन शांतपणे म्हणाली, “हे बघा. यंत्र नीट घातलंत, ते छान केलंत. पण पुढे काय आहे ते न बघता चाललात, म्हणून माळ तुटली. आता आहात तिथेच थांबा. डावा पाय उचला, हळूच मागे घ्या. मी धरलंय. जमेल तुम्हाला.”

जमलं.

सरांच्या कानात टाळ्या वाजल्या. “उत्कृष्ट अभिप्राय! एकूण ब्याण्णव गुण. निकाल शाळेला पाठवला आहे.”

“बघितलंस? ब्याण्णव!” सरांनी यंत्र उतरवून कॉलर ताठ केली. “भर बॅग!”

सोमवारी सकाळी शाळेच्या ग्रुपवर यादी आली : ‘जयवंत सर, ४०. उरलेले ५२ गुण अनोळखी महिलेच्या आवाजाला मिळालेले, सबब धरलेले नाहीत.’

२३ ऑक्टोबर, सकाळी दहा. हेमांगी देवरुखला भावाला ओवाळत होती. जयवंत सर फेरप्रशिक्षणात, पहिल्या बाकावर.